ख्रिस्तदर्शन, दीनजनांतील

भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र व परक्यास आसरा देणारा प्रत्यक्ष ख्रिस्ताचीच सेवा करतो, ही मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायावर अधिष्ठित असलेली ख्रिस्ती श्रद्धा. तिचा सर्वांत हृद्य दाखला चौथ्या शतकातील संत मार्टिनच्या चरित्रात सापडतो. रोमन घोडदळातील हा शिपाई, बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच, ऐन कडाक्याच्या हिवाळ्यात गॉलमधील आम्यँ शहराच्या वेशीपाशी एका उघड्या भिकाऱ्यास पाहून थबकला. जवळ दुसरे काहीच नसल्याने त्याने तलवारीने आपला झगा चिरून अर्धा त्यास दिला, आणि उरलेला तोकडा तुकडा त्याने पांघरला तेव्हा जमलेल्यांपैकी काहीजण हसलेही. त्याच रात्री स्वप्नात तो अर्धा झगा ख्रिस्ताच्या अंगावर दिसला, असे चरित्रकार सल्पिशिअस सिव्हीरस सांगतो. पुढे बिशप झालेल्या मार्टिनसमोर सैतान राजवस्त्रे व मुकुट लेवून ख्रिस्त म्हणून प्रकटला असता, क्रुसावरील जखमांच्या खुणा नसलेल्या त्या वैभवास त्याने मानले नाही. हा प्रसंग पहिल्याइतका प्रसिद्ध नसला, तरी या श्रद्धेचे मर्म त्यातच अधिक उघड होते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या 53व्या प्रकरणात प्रत्येक अतिथीस ख्रिस्त मानण्याचा दंडक घातला. श्रीमंतांचा दरारा आपोआपच मान मिळवतो, यास्तव गोरगरीब व यात्रेकरू यांची तजवीज विशेष आस्थेने व्हावी, अशी ताकीदही त्यात आहे.