महेश्वरची गादी आणि इंदूरची मुले

सुट्टीत पाहुणे आले, की त्यांना राजवाडा दाखवायला नेण्याची इंदूरच्या मराठी घरांतली रीत जुनी आहे. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, अशी ही सात मजली वास्तू. मल्हारराव होळकरांच्या काळात, १७४७च्या सुमारास, तिची उभारणी सुरू झाली. पुढे १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन आगी तिने सोसल्या. ‘कोणी जाळला?’ असे मुले विचारतात, तेव्हा उत्तर टाळू नये. १८०१ साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेने, सर्जेराव घाटग्यांच्या हाताखाली, इंदूर लुटले आणि जाळले. परक्यांचे नव्हे, आपल्याच माणसांचे ते काम होते.

मात्र या उंच दरवाज्यासमोर उभे राहिले, की इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांची गोष्ट, असाच मुलांचा समज होतो. आपले पूर्वज या मुलखात कसे आले, कसे रुजले, हे तिथे उमगत नाही. त्यासाठी आणखी सुमारे नव्वद किलोमीटर जावे आणि घाट उतरून नर्मदाकाठचे महेश्वर गाठावे.

होळकरांचे मूळ पुरुष मल्हारराव हे होळ गावच्या धनगर घराण्यातले. माळव्यात त्यांनी बस्तान बसवले. त्यांचे पुत्र खंडेराव १७५४मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडले. मल्हारराव १७६६मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी नातू मालेरावही गेला. मग कारभार हाती घेतला तो सुनेने, चौंडीच्या माणकोजी शिंद्यांच्या लेकीने. अहिल्याबाईंनी महेश्वर ही राजधानी केली आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत तिथूनच राज्य चालवले.

महेश्वरच्या किल्ल्यातला त्यांचा वाडा आज लहानसे संग्रहालय म्हणून पाहता येतो. त्याला राजवाडा म्हणतात खरे, पण देशावरचा एखादा सधन वाडा पाहिलेल्याला तो ओळखीचाच वाटेल. तोच चौक, तेच लाकडी खांब, तीच ओसरी. ओसरीवर पांढरी गादी आणि मागे लोड. पालखी आहे, जुनी हत्यारे आहेत, देवघर आहे. सिंहासन कुठे आहे म्हणून मुले शोधू लागतात. ‘हीच गादी’ असे सांगितले, की त्यांचा विश्वास बसत नाही.

इथेच आपले काम सुरू होते. इंदूरच्या मुलांना हिंदी पाट्या वाचायला अडचण नसते. इंग्रजीही ती वाचतात. पण लोड, ओसरी, देव्हारा हे शब्द घरात कोणी उच्चारले तरच त्यांच्या कानी पडणार. वस्तू समोर असताना सांगितलेला शब्द सहसा विसरत नाही.

आणि त्या गादीजवळ एक हकीगत जरूर सांगावी. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात जुन्या माणसांकडून माहिती मिळवून १८२३मध्ये मध्य भारतावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ती नोंदलेली आहे. इंदूरचा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. होळकरांचे सेनापती तुकोजीराव तेव्हा फौजेसह इंदूरला तळ देऊन होते. काही हितसंबंधी लोकांच्या सांगण्यावरून त्यांनी त्या धनात वाटा घ्यायचे मनात आणले. सावकाराची विधवा धावत महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी तिचे गाऱ्हाणे ऐकले आणि घर व मालमत्ता तिचीच, असे ठरवून तिला वस्त्रे दिली. तुकोजींना हुकूम गेला, की तळ इंदूरपासून दूर हलवावा आणि शहराला अन्यायाची तोशीस देऊ नये. त्यांनी तो मुकाट्याने पाळला.

एका बाजूला राज्याचा सेनापती, दुसऱ्या बाजूला शहरातली एक एकटी बाई. ती कोणत्या जातीची, कोणती भाषा बोलणारी, हा प्रश्न निवाड्यात कुठेच नाही. आज इंदूरचे विद्यापीठ आणि विमानतळ अहिल्याबाईंच्या नावाने ओळखले जातात. हिंदी बोलणारा इंदूरकरही त्यांना आपल्याच मानतो. नुसत्या फौजेच्या जोरावर हे मिळत नसते. बाहेरून आलेली माणसे शेजाऱ्यांशी न्यायाने वागली, तरच नवा मुलूख त्यांना आपला म्हणतो.

वाड्यात रोज सकाळी लिंगार्चन होते, ते मुलांना आवर्जून दाखवावे. मातीची चिमुकली शिवलिंगे, प्रत्येकात तांदळाचा एकेक दाणा, आणि पूजेनंतर त्यांचे नर्मदेत विसर्जन. मग गावातल्या हातमागांवर जावे. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून इथे वसवले. महेश्वरी साडी त्यांच्या हातची. माळव्या-निमाडात येऊन घर मांडणारे फक्त मराठी शिलेदार नव्हते, हे मुलांना मागाच्या आवाजात आपोआप कळते.

होळकरांची राजधानी १८१८मध्ये महेश्वरहून इंदूरला आली. पुढे या शहराने दोन्ही भाषा सांभाळल्या. १९१७मध्ये इंदुरात गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले. दुसऱ्याच वर्षी इथेच हिंदी साहित्य संमेलन झाले, अध्यक्ष गांधीजी. १९३५मध्ये ही दोन्ही संमेलने पुन्हा इंदुरातच भरली. शाळेत हिंदी आणि घरात मराठी, यात आपल्या मुलांचे काही उणे होत नाही. उणे होते ते घरातले बोलणे थांबले, की.

म्हणून परतीच्या वाटेवर गाडीत गाणी लावण्याआधी मुलांना विचारावे, ‘काय काय पाहिलेस?’ आणि त्यांना मराठीत सांगू द्यावे. मधेच हिंदी शब्द आला तर आला. टोकू नये, आपला शब्द हळूच पुढे करावा.