म्युनिकचा ठोका, भीमाकाठची वरात

वरात बारामतीतली असो की इंदापूरची, डॉल्बी लागली की मात्रेमात्रेवर एक जड ठोका छातीत घुमतो. हलगी-ढोलाच्या या मुलखात तो बाहेरून आला, आणि त्याची वाट बऱ्यापैकी शोधता येते.

१९७७ साली म्युनिकला जॉर्जिओ मोरोडर या इटालियन निर्मात्याने पीट बेलॉटच्या साथीने गायिका डोना समरचं ‘आय फील लव्ह’ हे गाणं केलं. तिचा आवाज सोडला तर जवळजवळ सगळं मूग सिंथेसायझरवर. चार मात्रा, चारही मात्रांवर सारखाच ठोका, तसूभरही न हलणारा. चालीइतकंच मोल ध्वनीला आहे, हे या माणसाने ठसवलं. पुढच्याच वर्षी ‘मिडनाइट एक्सप्रेस’ या चित्रपटाला त्याने सिंथेसायझरचंच संगीत दिलं आणि त्यासाठी ऑस्कर मिळवलं.

आपल्याकडे हा ठोका आणला तो बेंगळुरूत जन्मलेल्या, लंडनमध्ये नाव काढलेल्या बिद्दूने. १९७४ चं ‘कुंग फू फायटिंग’ त्याच्याच हातचं. १९८० साली फिरोज खानचा ‘कुर्बानी’ आला. बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची, पण ‘आप जैसा कोई’ बिद्दूचं, लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलेलं. गायिका नाझिया हसन तेव्हा शाळकरी वयाची होती. या गाण्याने तिला फिल्मफेअर मिळवून दिलं. १९८२ मध्ये बप्पी लाहिरींचा ‘डिस्को डान्सर’ आला आणि डिस्को गावोगावच्या पडद्यावर पोचला. त्याच सुमारास मुंबईत चरणजित सिंग यांनी यंत्रांच्या ठेक्यावर दहा राग बसवले. तेव्हा त्या तबकडीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे जाणकार थक्क झाले. मला या सगळ्या वंशावळीत त्यांचं काम सर्वांत धाडसी वाटतं.

रेडिओचा वाटा मात्र जपून मोजायला हवा. पुणे केंद्रावरून विविध भारतीची जाहिरात सेवा १९६७ पासून सुरू होती, आणि चित्रपटगीतं घरोघरी पोचण्यात तिचा मोठा वाटा होता. पण मध्यम लहरींवर आवाजाचं वरचं टोक छाटलं जातं, आणि ट्रान्झिस्टरच्या वीतभर स्पीकरमधून खालचं टोक निघत नाही. गाण्याची चाल यायची, तिच्याखालचा खर्ज यायचा नाही. म्हणजे डिस्कोचा आत्माच वाटेत गळायचा. तो परत मिळाला कॅसेटमुळे. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर टेप आणि मोठे स्पीकर आले, तेव्हा या भागाने तो ठोका अंगाने ऐकला.

मराठी चित्रपटानेही तो लवकरच आपलासा केला. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’त अरुण पौडवालांच्या संगीतात तो मराठी शब्दांखाली सहज बसलेला आहे. पण खरं रुळवण्याचं काम वरातीत वाजवणाऱ्या बँजो पार्ट्यांनी केलं. त्यांनी तोच ठोका ऑक्टोपॅडवर घेतला आणि त्याला हलगीची लय जोडली. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये अजय-अतुल यांनी एकीकडे लॉस एंजेलिसचा वाद्यवृंद घेतला आणि दुसरीकडे ‘झिंगाट’ला वरातीचा ठोका दिला. हा चित्रपट घडला करमाळ्याकडे, म्हणजे भीमेच्या इंदापूरसमोरच्या काठावर. तोवर हा ठोका परका उरलाच नव्हता, आणि त्याचं श्रेय मी बँजोवाल्यांना देतो.

मोरोडर आणि बिद्दू यांची नावं तबकड्यांवर छापली गेली. वरातीत वाजवणाऱ्यांचं नाव फार तर लग्नघरच्या पावतीवर आलं असेल. बारामतीत वसुंधरा वाहिनी आणि शारदा कृषी वाहिनी ही सामुदायिक रेडिओ केंद्रं आहेत. त्यांनी या जुन्या वादकांना बोलावून त्यांचं वादन आणि आठवणी मुद्रित करून ठेवाव्यात. ज्यांच्या घरी वरातीच्या कॅसेटी पडून आहेत, त्यांनी त्या टाकून न देता तिथे नेऊन द्याव्यात, कारण चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होत जाते.