भाग : पडलेल्या किल्ल्याचं नाव अजिंक्य

आजचा शब्द आहे 'अजिंक्य'. संस्कृतात यासाठी 'अजेय' आणि 'अजय्य' हे शब्द आहेत. त्यातला अजय्य म्हणजे नेमकं, जे जिंकणं शक्यच नाही ते. पण आपण काय केलं? आपलं साधं मराठी 'जिंकणे' घेतलं आणि पुढेमागे संस्कृतचा साज चढवला. मला हा जुगाड फार आवडतो.

आता साताऱ्याला चला. 1673 मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः पायथ्याशी येऊन बसला. प्रयागजी प्रभूंनी किल्ला चार-साडेचार महिने झुंजवला. मोगलांनी सुरुंग लावले, त्यातला एक असा फुटला की तट कोसळला तो मोगलांच्याच अंगावर, शेकडो माणसं गाडली गेली. पण मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले आणि एप्रिल 1700 मध्ये किल्ला द्यावा लागला. औरंगजेबाने शहजाद्याच्या नावावरून त्याला आझमतारा केलं. काही वर्षांत मराठ्यांनी तो परत मिळवला, आणि 'अजिंक्यतारा' हे नाव ताराबाईंच्या काळातलं मानलं जातं.

म्हणजे बघा, किल्ला पडून गेल्यावर त्याला अजिंक्य म्हटलंय! आझमतारा, अजिंक्यतारा... एकापाठोपाठ म्हणून बघा. मला तर यात शत्रूने दिलेलं नाव खोडून त्याच जागेवर आपलं लिहिल्यासारखं वाटतं. आमच्या कामात चुकीचं नाव सगळ्या फायलींतून शोधून बदलतात ना, तसंच काहीसं. फक्त इथे त्या आधी किल्ला घ्यावा लागला.

पुढेही तो अजिंक्य राहिला नाहीच. शाहू महाराजांनी तो ताराबाईंच्याच पक्षाकडून घेतला आणि 12 जानेवारी 1708 ला साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. 1818 मध्ये इंग्रज आले.

याउलट मुरूडचा जंजिरा. शिवाजी महाराजांनी, संभाजी महाराजांनी प्रयत्न केले, तरी सिद्दींकडून तो घेता आला नाही. त्याच्या नावाचा अर्थ काय? अरबी जझीरा, म्हणजे नुसतं बेट!

आणि पेपरातलं 'अजिंक्यपद' आठवा. दर वर्षी कुणीतरी ते जिंकतंच की. मागच्या वर्षीचा अजिंक्य यंदा पहिल्याच फेरीत घरी जातो, आणि बातमीत कुणालाही त्यात काही खटकत नाही.