डोंगरी बुजुर्गचा काळा दगड आणि चित्रीकरणाचा आवाज

भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गची उघडी खाण मँगनीजसाठी प्रसिद्ध आहे. मँगनीज म्हटले की पोलाद आठवते. पण इथले डायऑक्साइड खनिज सेल बनवणाऱ्या कारखान्यांनाही लागते. लेक्लांशेने 1866 मध्ये आपला घट रचला, तेव्हापासून या काळ्या भुकटीचे काम ठरले आहे: कार्बनच्या कांडीभोवती हायड्रोजन साचू न देणे. ती नसेल तर सेल लगेच मंदावतो.

या सेलवरच बाह्यचित्रीकरणातील ध्वनिमुद्रण चालले. स्वित्झर्लंडमध्ये कुडेल्स्की यांनी 1958 च्या सुमारास आणलेले ‘नाग्रा’ यंत्र विजेरीत घालतात तसल्या बारा जाड सेलवर चाले. बारा गुणिले दीड, म्हणजे अठरा व्होल्ट. ते चार्ज होत नसत. संपले की बदलायचे. कॅमेऱ्याला मात्र शिशाच्या आम्लबॅटऱ्या लागत. त्या जड, आणि त्यांना रात्रभर वीज हवी.

एवढे करूनही आपल्याकडे जागेवरचा आवाज फारसा वापरला गेला नाही. आरिफ्लेक्स कॅमेरा घरघरे, जनरेटर त्याहून मोठ्याने. मग स्टुडिओत डबिंग. मुंबईच्या बोलपटाला ते चालून गेले; झाडीपट्टीच्या बोलीला ते महागात पडण्यासारखे होते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या झाडीबोलीचा अभ्यास उभा केला, तिच्यात ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोरा’. डबिंगच्या खोलीत असा ‘डोरा’ सहज दुरुस्त होऊन जातो! दंडारीच्या रात्रीचा आवाज तर तिथे पुन्हा उभा करताच येणार नाही. तो जागेवरच घ्यावा लागतो, आणि जवळपास इंजिन चालू नसताना.

निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांनी वजन कमी केले, पण त्या पूर्ण उतरवूनच पुन्हा चार्ज करण्याची शिस्त पाळावी लागे. खरा फरक सोनीने 1991 मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीने पडला. आज कॅमेऱ्यामागे लावायची बॅटरी बहुधा 98 वॉट-तासांची असते. हा आकडा विमान कंपन्यांमुळे आला: शंभरापर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात न विचारता नेता येते, त्यापुढे 160 पर्यंत परवानगी लागते. नागपूरला उतरून साठेक किलोमीटरवरच्या भंडाऱ्याला येणाऱ्या चमूलाही तोच नियम.

पुढचा हिशेब साधा आहे. कॅमेरा आणि मॉनिटर मिळून पन्नास वॉट खात असतील, तर एक बॅटरी दोन तासांच्या आतच संपते. आठ तासांना निदान पाच लागतात, म्हणजे 490 वॉट-तास. गाडीची 12 व्होल्ट, 45 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 540 देते. चार्जिंगमधली तूट धरली तर तेवढ्यात ती रिकामीच होईल आणि सकाळी गाडी ढकलावी लागेल. इंजिन सुरू ठेवावे, तर आवाज मुद्रणात उतरतो. म्हणून चार्जिंग चित्रीकरणाच्या जागेपासून लांब, गावातल्या एखाद्या घरी, आणि शक्यतो दुपारीच उरकावे लागते. दिवाळीनंतर मंडया सुरू होतात. दंडार रात्री उभी राहते, आणि पहाटेपर्यंत चालली तर पाचही बॅटऱ्या पुरतीलच असे नाही.