तूरेत संलक्षण
बालवयात सुरू होणारा तंत्रिका तंत्राचा विकार. डोळे मिचकावणे, मान झटकणे, खांदे उडविणे यांसारख्या आकस्मिक हालचाली, तसेच घसा खाकरणे, हुंकार किंवा मध्येच उच्चारला जाणारा शब्द ही त्याची लक्षणे होत. हे झटके (टिक) बहुधा ५ ते ७ वर्षे वयात प्रथम दिसतात. मुलींपेक्षा मुलांत प्रमाण अधिक.

फ्रेंच वैद्य झां ईतार यांनी १८२५ मध्ये दांप्येर घराण्यातील एका उमराव स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. सातव्या वर्षी तिचे झटके सुरू झाले. पुढे ऐन संभाषणात तिच्या तोंडून अश्लील शब्द निघत. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झॉर्झ झील द ला तूरेत (१८५७–१९०४) यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांची माहिती मांडली, तीत ही जुनी हकीकतही होती. त्यांचे गुरू शार्को यांनी विकाराला शिष्याचे नाव दिले. ईतार यांचे श्रेय मात्र मागे पडले.

तूरेत यांनी विकार आनुवंशिक मानला होता. तथापि पुढे मनोविश्लेषणाचा प्रभाव वाढला. फेरेंत्सी यांनी १९२१ मध्ये झटक्यांचा संबंध आत्मरतीशी जोडला. परिणामी दोष मुलाच्या मनाला, आणि पुष्कळदा आईबापांना, लावला गेला. १९६१ मध्ये फ्रान्समध्ये हॅलोपेरिडॉल या औषधाचा उपयोग दिसून आला. आर्थर व इलेन शपायरो या अमेरिकन दांपत्याने १९६८ मध्ये त्याच आधारे मनोविश्लेषणाच्या उपपत्तीवर टीका केली. १९७२ मध्ये न्यूयॉर्क येथे रुग्णांच्या कुटुंबीयांनी आपली संघटना स्थापन केली.

झटक्यापूर्वी शिंकेआधी होते तशी अस्वस्थता जाणवते. मूल तो काही काळ रोखू शकते. मग तो उफाळतो. वर्गात तासभर शांत बसलेले मूल घरी येताच झटके देऊ लागले, की ते सोंग करते असा समज होतो व त्याला शिक्षा भोगावी लागते. वास्तविक रोखण्याच्या श्रमातच त्याचे अवधान खर्ची पडलेले असते. अश्लील उच्चार हे विकाराचे मुख्य लक्षण समजले जाते, तेही चुकीचे. ते सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांतच आढळतात. अवधानन्यूनता आणि भावातिरेकी विचार व कृती यांची जोड पुष्कळांना असते, आणि कित्येकदा तीच अधिक जाचक ठरते.

झटके साधारणतः १० ते १२ वर्षे वयात तीव्रतम होतात. तारुण्यात बहुतेकांचे कमी होतात. सौम्य विकारात औषध लागतेच असे नाही. झटक्याची चाहूल ओळखून त्याला विरोधी हालचाल करण्याचे वर्तनप्रशिक्षण उपयुक्त ठरल्याचे २०१० मध्ये मुलांवरील चाचणीत दिसले. हिचकी (२०१८) या हिंदी चित्रपटाची नायिका हा विकार असलेली शिक्षिका आहे.