सरकारच बाजू बदलतं तेव्हा : ब्रॅडफर्ड रेनॉल्ड्स यांची अडलेली बढती

अमेरिकेत सरकारच्या बड्या कायदा अधिकाऱ्यांची नेमणूक सिनेटच्या संमतीशिवाय होत नाही. आपल्याकडे ॲटर्नी जनरल राष्ट्रपती नेमतात, संसदेपुढे त्यांची सुनावणी वगैरे काही नसते. तिकडे मात्र उमेदवाराला न्यायविषयक समितीपुढे शपथेवर उत्तरं द्यावी लागतात. या सुनावण्या वाचणं हा सध्या माझ्या संशोधनाचा भाग आहे. विज्ञान शिकून इकडे आल्यामुळे मला त्यांत एक ओळखीची गोष्ट सारखी दिसते : मिळालेला निष्कर्ष किती ताणायचा, यावरचं भांडण. १९८५ची एक सुनावणी त्यासाठी बघण्यासारखी आहे.

विल्यम ब्रॅडफर्ड रेनॉल्ड्स १९८१पासून न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागाचे प्रमुख होते. वर्णभेदाविरुद्धचे कायदे कोर्टात राबवणं हे या विभागाचं काम. १९८५मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यांना खात्यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी, म्हणजे असोसिएट ॲटर्नी जनरल म्हणून, नामांकित केलं. सिनेटमध्ये बहुमत रेगन यांच्याच पक्षाचं, समितीतही रिपब्लिकन १० आणि डेमोक्रॅट ८. नेमणूक सहज व्हायला हवी होती.

विरोध कशाला होता हे कळायला अलाबामात जावं लागतं. १९७२मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाला आढळलं, की राज्याच्या महामार्ग पोलीस दलात ३७ वर्षांत एकही कृष्णवर्णीय ट्रूपर नेमला गेलेला नाही. एकही नाही! न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी हुकूम दिला : दलात कृष्णवर्णीयांचं प्रमाण सुमारे २५ टक्के होईपर्यंत प्रत्येक गोऱ्या उमेदवारामागे एक कृष्णवर्णीय घ्या. त्या खटल्यात अमेरिकन सरकार फिर्यादींच्या बाजूने उभं होतं. भरती झाली, पण बढत्यांचं घोडं अडलं. १९७९मध्ये दलाने कोर्टापुढे कबूल केलं, की वर्षभरात बढतीची न्याय्य पद्धत आणू. ती वर्षभरात आली नाही, पुढची काही वर्षंही आली नाही. शेवटी १९८३च्या डिसेंबरात न्यायाधीश मायरन थॉम्पसन यांनी बढतीलाही एकास एक हे प्रमाण लावलं. आणि या हुकमाविरुद्ध अपिलात कोण गेलं? अमेरिकन सरकार. खटला तोच, वकिली करणारा विभाग तोच, बाजू मात्र उलटी.

असं एकदाच झालं असतं तर धोरण बदललं म्हणून सोडून देता आलं असतं. पण बॉब जोन्स विद्यापीठाच्या खटल्यातही हेच घडलं होतं. विद्यार्थ्यांच्या आंतरवंशीय मैत्रीवर बंदी घालणाऱ्या या संस्थेला करसवलत द्यायची नाही, ही सरकारची जुनी भूमिका. जानेवारी १९८२मध्ये सरकारने ती सोडली आणि सर्वोच्च न्यायालयात रेनॉल्ड्स स्वतः नव्या भूमिकेतून उभे राहिले. मग जुनी भूमिका मांडणार कोण? न्यायालयाला त्यासाठी विल्यम कोलमन या वकिलांना खास पाचारण करावं लागलं. हे कोलमन रिपब्लिकनच, फोर्ड यांच्या मंत्रिमंडळात होते. १९८३मध्ये निकाल ८-१ असा सरकारच्या विरोधात गेला.

तरीही माझ्या मते रेनॉल्ड्स यांच्या विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळाच आहे. जून १९८४मध्ये मेम्फिसच्या अग्निशमन दलाच्या खटल्यात, म्हणजे स्टॉट्स प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की कर्मचारी कपात करताना कोर्टाला सेवाज्येष्ठतेचा नियम बाजूला सारता येणार नाही. प्रश्न कपातीचा होता. रेनॉल्ड्स यांनी त्याचा अर्थ असा लावला, की भरती आणि बढतीतलीही सगळी वांशिक प्रमाणं बेकायदा ठरली. तेवढ्यावर न थांबता, ज्या शहरांत आणि राज्यांत कोर्टाने मंजूर केलेले तडजोडीचे हुकूमनामे लागू होते अशा सुमारे ५० ठिकाणी त्यांच्या विभागाने पत्रं धाडली : तुमचे हुकूमनामे बदलून घ्या. इंडियानापोलिसने नकार दिला, तर सरकार त्या शहराविरुद्ध कोर्टात गेलं.

आता तुम्ही म्हणाल, वकील आहे तो, अशिलाची बाजू मांडणारच. समर्थकांचंही हेच म्हणणं होतं : निवडून आलेल्या अध्यक्षांचं धोरण त्यांनी राबवलं, त्यात गैर काय? हा युक्तिवाद पोकळ नाही. पत्र पाठवणं म्हणजे हुकूम मोडणं नव्हे, आणि अपील करायचा हक्क सरकारलाही आहेच. पण कोर्टात अर्थ मांडून हरणं वेगळं आणि आपण लावलेला अर्थ हाच जणू निकाल आहे असं धरून मंजूर हुकूमनामे उसवायला निघणं वेगळं. एका तापमानाला घेतलेल्या वाचनावरून सगळ्या तापमानांचा नियम सांगण्यासारखं झालं हे.

समितीतले दोन रिपब्लिकन, आर्लेन स्पेक्टर आणि चार्ल्स मथायस, याच ठिकाणी अडले. त्यात शपथेवर दिलेली काही उत्तरं रेनॉल्ड्स यांना नंतर दुरुस्त करावी लागली, त्यातली काही लुइझियानातल्या मतदारसंघांच्या आखणीबद्दलची होती. तिथला आराखडा त्यांनी मंजूर केला होता आणि न्यायालयाने पुढे तो कृष्णवर्णीयांची मतं पातळ करणारा म्हणून रद्द केला. २७ जून १९८५ रोजी समितीने अनुकूल शिफारस ८ विरुद्ध १० मतांनी फेटाळली. शिफारशीविना तरी नाव सभागृहात पाठवा, हा प्रस्ताव ९-९ असा बरोबरीत अडकला, म्हणजे पडलाच.

रेनॉल्ड्स घरी गेले असं मात्र समजू नका. बढती हुकली, जुनी खुर्ची शाबूत राहिली. नागरी हक्क विभाग १९८८पर्यंत त्यांच्याच हाती होता आणि अपिलंही चालूच राहिली. २ जुलै १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल देऊन स्टॉट्सचा तो ताणलेला अर्थ नाकारला. त्यातलं एक प्रकरण न्यूयॉर्कच्या पत्राकामगार संघटनेचं होतं. कोर्टाचे हुकूम वर्षानुवर्षं न पाळल्याबद्दल ती संघटना अवमानाला दोषी ठरली होती. तिच्याविरुद्धच्या भरतीच्या उद्दिष्टावर हरकत घ्यायलाही सरकारच पुढे होतं.

अलाबामाचा निकाल २५ फेब्रुवारी १९८७ रोजी लागला. एकास एक बढतीचा हुकूम ५-४ असा जेमतेम टिकला. निकालपत्रांच्या खंडांत तो खटला ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध पॅराडाइज’ या नावाने सापडतो. पॅराडाइज हे त्या कृष्णवर्णीय फिर्यादीचं आडनाव. १९७२मध्ये सरकार त्याच्याच बाजूला बसलेलं होतं.