गुरूचे गृहीतक आणि १४९ कवट्या

संशोधनासाठी विद्यापीठात नाव घालणारा विद्यार्थी विषय बहुधा मार्गदर्शकाकडून घेतो. त्या विषयाच्या पोटात कधी कधी मार्गदर्शकाला हवे असलेले उत्तरही दडलेले असते. मोजमापातून भलतेच उत्तर निघाले तर?

इरावती कर्वे यांच्यापुढे हा प्रश्न बर्लिनमध्ये उभा राहिला. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या, पुण्यात वाढलेल्या इरावतीबाई मुंबईत डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकल्या आणि १९३० च्या थोडे आधी जर्मनीला गेल्या. पती दिनकर कर्वे यांचा पाठिंबा होता. सासरे महर्षी कर्वे यांना मात्र हे जाणे पसंत नव्हते. स्त्रीशिक्षणाला वाहिलेल्या घरातही सुनेची परदेशी पदवी अशी सहज पचली नाही!

मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक. त्यांचे गृहीतक असे: युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा, म्हणून त्याची कवटी डावी-उजवीकडे असमान, आणि ही असमानता म्हणजे श्रेष्ठ बुद्धीची खूण. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या कित्येक वसाहतींतून आणलेल्या होत्या.

आता गृहीतक तपासायचे कसे? केवळ युरोपीय कवट्या मोजल्या असत्या, तर असमानता हमखास सापडली असती आणि गुरुजी खूश झाले असते. कारण कोणाचीच कवटी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी नसते. (आरशात पाहा, चेहऱ्याचेही तसेच.) खरा प्रश्न होता, ही असमानता वंशागणिक बदलते का? त्यासाठी इतर वंशांच्या कवट्याही त्याच पद्धतीने मोजणे भाग होते. उत्तर आले: असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. १९३१ साली छापलेल्या प्रबंधाच्या नावातच त्यांनी या असमानतेला 'नॉर्मल' म्हटले आहे.

पदवी मिळाली, पण श्रेणी सर्वांत खालची, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांच्या संस्थेने नाझींच्या वंशविषयक धोरणाला शास्त्राचा मुलामा दिला.

इरावतीबाईंनी मोजपट्टी मात्र टाकली नाही. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवताना त्या महाराष्ट्रभर हिंडून माणसे मोजत राहिल्या. मल्होत्रा यांच्यासह १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी, सामाजिक दर्जा एकच असलेल्या पण आपसांत लग्ने न करणाऱ्या आठ गटांची शारीरिक तुलना केली. हे आठही गट महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांचे होते.